नव्या आवृत्तीनंतर ब्राउझर बिघडला, तर जुनी आवृत्ती टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्राउझर आपोआप नव्या आवृत्तीवर गेला. उघडे ठेवलेले टॅब गायब झाले, दोन एक्स्टेन्शन्स बंद पडली, काही साइट्स नीट चालत नाहीत आणि एकूण सगळंच जड वाटतंय. तर ब्राउझर काढून जुनी आवृत्ती टाकावी का? आणि पुढचे अपडेट कायमचे बंद करावेत का?

दोन्ही करू नका. निदान आज तरी नाही. ब्राउझर अनइन्स्टॉल करू नका, कॅशे-कुकी-हिस्टरी यातलं काहीही पुसू नका. टॅब गेले असतील तर ब्राउझर पुन्हा पुन्हा बंद-चालूही करू नका. अपडेटनंतर झालेलं खरं नुकसान बहुतेक वेळा अपडेटनं केलेलं नसतं, ते पहिल्या अर्ध्या तासात घाबरून केलेल्या दुरुस्त्यांनी होतं.

खाली दिलेले पत्ते आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात टाइप करताना ती रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाकायची.

ब्राउझर म्हणून आपण जे वापरतो त्यात प्रोग्रॅम आणि प्रोफाइल या दोन वेगळ्या गोष्टी असतात. अपडेटमध्ये बदलतो तो प्रोग्रॅम. बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी, कुकी, उघडे टॅब, एक्स्टेन्शन्स आणि त्यांची सेटिंग्ज हे सगळं प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये असतं आणि ते प्रोग्रॅमपासून अलग ठेवलेलं असतं. विंडोजवर क्रोमचं प्रोफाइल वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये लोकल, गूगल, क्रोम, यूजर डेटा या वाटेनं सापडतं. फायरफॉक्सचं अ‍ॅपडेटामध्येच रोमिंग, मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स इथे असतं. नेमकी जागा हवी असेल तर क्रोममध्ये 'क्रोम://व्हर्जन' उघडून 'प्रोफाइल पाथ' ही ओळ बघा. फायरफॉक्समध्ये 'अबाउट:सपोर्ट' उघडलं की 'प्रोफाइल फोल्डर' समोर बटण दिसतं.

काहीही करण्याआधी या फोल्डरची प्रत काढा. ब्राउझर पूर्ण बंद करून काढा, कारण हिस्टरी, आणि फायरफॉक्समध्ये बुकमार्कही, एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये असतात. ब्राउझर चालू असताना अगदी अलीकडच्या नोंदी मूळ फाइलमध्ये न जाता शेजारच्या 'वॉल' शेपटीच्या फाइलमध्ये थांबलेल्या असू शकतात. चालू ब्राउझरची प्रत घेतली तर ती अर्धवट निघू शकते आणि ते कळतं नेमकं गरजेच्या वेळी. एक अडचण आधीच लक्षात ठेवा. विंडोजवर क्रोमचे पासवर्ड आणि कुकी त्या संगणकावरच्या त्या खात्याला बांधलेल्या किल्लीनं एन्क्रिप्ट केलेले असतात, आणि १२७ व्या आवृत्तीपासून कुकींना आणखी एक कुलूप लागलं आहे. त्यामुळे ही प्रत त्याच मशीनवर परत ठेवायला उपयोगी, दुसऱ्या मशीनवर पासवर्ड न्यायला नाही. फायरफॉक्समध्ये 'लॉगिन्स.जेसन' आणि 'की४.डीबी' या दोन फाइली जोडीनंच न्याव्या लागतात. पहिलीत पासवर्ड, दुसरीत ते उघडायची किल्ली. एकटी कुठलीच कामाची नाही.

आता टॅब. यातच सगळ्यात घाई होते, म्हणून हे जरा जवळून बघू.

फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' नावाचं फोल्डर आहे. ब्राउझर चालू असताना त्यात 'रिकव्हरी' नावाची फाइल दिसते, ती आत्ता उघड्या असलेल्या टॅबची. तिच्या शेजारी तिचीच जरा आधीची प्रत असते. 'प्रीव्हियस' ही मागच्या वेळी ब्राउझर बंद केला तेव्हाची. आणि चौथी फाइल असते तिच्या नावाची सुरुवात 'अपग्रेड' अशी आणि शेवटी आकड्यांची लांब शेपटी. ही खास अपडेटच्या वेळी काढलेली प्रत. अशा शेवटच्या तीन प्रती फायरफॉक्स आपणहून जपून ठेवतो. गोची 'प्रीव्हियस'ची आहे: ब्राउझर पुढच्या वेळी उघडून बंद केला की तिच्यावर नवीन मजकूर चढतो. म्हणजे टॅब गेल्यावर 'बघू परत येतात का' म्हणून दोन-तीनदा बंद-चालू केलं, की जुने टॅब असलेली ती फाइल संपली. म्हणून आधी हे अख्खं फोल्डर उचलून डेस्कटॉपवर कॉपी करा, मग बाकीचं.

मग पहिला प्रयत्न साधा करायचा: हिस्टरी मेनूमधलं 'रीस्टोअर प्रीव्हियस सेशन'. ते करडं पडलेलं असेल, म्हणजे दाबता येत नसेल, तर फायरफॉक्स पूर्ण बंद करा. प्रोफाइलच्या मुख्य फोल्डरमध्ये 'सेशनस्टोअर.जेसनएलझेड४' नावाची फाइल असेल तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा. आता कॉपी केलेल्या फोल्डरमधली हवी ती फाइल मुख्य फोल्डरमध्ये आणा आणि तिला नेमकं तेच नाव द्या. कुठली निवडायची हे फाइलच्या आकारावरून आणि वेळेवरून ठरवा. चाळीस-पन्नास टॅब असलेली फाइल एका रिकाम्या टॅबच्या फाइलपेक्षा कितीतरी मोठी असते, ते पाहताक्षणी कळतं. फाइलच्या नावाची शेपटी दिसत नसेल तर विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून घ्या. नाहीतर नावाला दोनदा शेपटी लागते आणि फायरफॉक्सला ती फाइल सापडतच नाही.

क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबा. शेवटी बंद झालेली अख्खी विंडो बऱ्याचदा एका झटक्यात परत येते. नाही आली तर हिस्टरीच्या मेनूत 'रीसेंटली क्लोज्ड' खाली 'इतके टॅब' अशी एक ओळ दिसते का ते बघा, ती दाबली की पूर्ण विंडो उघडते. इथेही आधीचं सेशन एक-दोन वेळांपुरतंच टिकतं, म्हणून पथ्य तेच.

टॅबच नव्हे, तर बुकमार्क, पासवर्ड, सगळंच गेलंय असं दिसत असेल, तर उलट धीर धरा. सगळं एकदम जाणं याचा अर्थ बहुतेक वेळा माहिती पुसली गेलेली नसते, ब्राउझर दुसरंच प्रोफाइल उघडून बसलेला असतो. फायरफॉक्स ६७ पासून, म्हणजे मे २०१९ पासून, प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं प्रोफाइल मिळतं. ३२ बिट काढून ६४ बिट टाकला, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला, बीटा शेजारी बसवला, की नवं कोरं प्रोफाइल समोर येतं. 'अबाउट:प्रोफाइल्स' उघडा, तिथे जुनं प्रोफाइल यादीत असतं. त्याखालचं 'लाँच प्रोफाइल इन न्यू ब्राउझर' दाबून आपलंच आहे याची खात्री करा आणि मग 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट प्रोफाइल' दाबा. लिनक्सवर उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स 'स्नॅप' या बंदिस्त पॅकेजच्या स्वरूपात येतो आणि त्याचं प्रोफाइल घरच्या फोल्डरमधल्या 'स्नॅप' फोल्डरच्या आत असतं. जुनं प्रोफाइल 'डॉट मोझिला' या लपलेल्या फोल्डरमध्येच राहतं, त्यामुळे एकाच वेळी दोन प्रती सापडून गोंधळ उडतो.

माहिती असूनही दिसत नाही याचं मोठं उदाहरण डिसेंबर २०१९ मधलं. अँड्रॉइडवरच्या क्रोम ७९ मध्ये प्रोफाइलच्या फोल्डरची जागा बदलली, पण वेब अ‍ॅप्सनी साठवलेली माहिती नव्या जागी नेण्याचं काम राहून गेलं. ज्या अ‍ॅप्सचं काम आतल्या वेबव्ह्यूवर, म्हणजे अ‍ॅपमध्येच वेब पान दाखवणाऱ्या भागावर, चालतं त्यातल्या अनेकांची साठवलेली माहिती एका रात्रीत 'गेली'. खरं तर ती जुन्या जागी तशीच पडून होती. ज्यांनी तेव्हा अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, किंवा अ‍ॅपचा डेटा पुसला, त्यांची मात्र कायमची गेली. गूगलनं ते अपडेट निम्म्याच्या आसपास फोनांवर पोचलेलं असताना थांबवलं.

यातून आणखी एक गोष्ट समजते: नवीन आवृत्ती सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाही. ती टप्प्याटप्प्यानं सोडली जाते आणि 'हेल्प' मधलं 'अबाउट' उघडून स्वतः तपासलं तर रांग सोडून लगेच मिळते. शिवाय आवृत्तीचा आकडा तोच असूनही कंपनी दुरून काही सोयी काही जणांनाच चालू करून बघते. म्हणून शेजारच्या मशीनवर त्याच आवृत्तीत तो त्रास नसेल, तर आपल्याला भास होतोय असं समजू नका. दोन्ही अनुभव खरे असू शकतात.

माहिती सुरक्षित आहे हे पाहिलं की मग बिघाड शोधायचा. तो चारपैकी एका जागी असतो: प्रोग्रॅम, प्रोफाइल, एक्स्टेन्शन किंवा बाहेरची साइट नाहीतर नेटवर्क. हे वेगळं करायला दहा मिनिटं पुरतात. फायरफॉक्समध्ये हेल्प मेनूतून 'ट्रबलशूट मोड' घ्या. शिफ्ट दाबून धरून ब्राउझर उघडला तरी तो येतो. त्यात एक्स्टेन्शन्स, थीम आणि ग्राफिक्सचं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद असतं. क्रोममध्ये इन्कॉग्निटो विंडो ही अर्धीच चाचणी आहे, कारण तिथे परवानगी दिलेली एक्स्टेन्शन्स चालूच राहतात. त्यापेक्षा उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावरून खातं न जोडता नवं प्रोफाइल तयार करा आणि तिथे तीच साइट उघडा. नव्या प्रोफाइलमध्ये त्रास नसेल तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये किंवा एक्स्टेन्शनमध्ये आहे. तिथेही असेल तर प्रोग्रॅम, ग्राफिक्स, अँटिव्हायरस किंवा साइट. दुसऱ्या ब्राउझरमध्येही तेच होत असेल तर मोबाइलच्या डेटावरून जोडून बघा, कदाचित ब्राउझरचा संबंधच नसेल.

ही शेवटची शक्यता लोक सहसा धरतच नाहीत. फायरफॉक्स ९६ आला ११ जानेवारी २०२२ ला. दोन दिवसांनी, १३ तारखेला, फायरफॉक्स जगभर गोठला, एकही पान उघडेना. नुकतंच अपडेट केलेल्यांनी साहजिकच ९६ ला दोष दिला आणि मागे जायच्या खटपटी केल्या. पण जुन्या आवृत्त्याही तशाच गोठल्या होत्या. एचटीटीपी३ (साइटशी जोडणी करण्याची नवी पद्धत) हाताळणाऱ्या भागात आधीपासून दडलेला दोष होता, आणि त्या दिवशी एका क्लाउड सेवेच्या सर्व्हरकडच्या बदलानं तो उघडा पडला. जोडणी करताना ब्राउझर न संपणाऱ्या फेऱ्यात अडकत होता. 'अबाउट:कॉन्फिग' या आतल्या सेटिंग्जच्या पानावर एचटीटीपी३ बंद केलं की काम चालू होत होतं. मागच्या आवृत्तीवर जाऊन काहीच साधलं नसतं.

एक्स्टेन्शन्स बंद पडण्याची कारणं तीन. पहिलं किरकोळ: एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीला जास्त परवानगी हवी असते आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत क्रोम ते बंद ठेवतो. एक्स्टेन्शन्सच्या पानावर जाऊन परवानगी वाचा आणि पटली तर द्या. दुसरं कारण मोठं आहे, व्यवस्थाच बदलण्याचं. फायरफॉक्स ५७ नं नोव्हेंबर २०१७ मध्ये जुन्या पद्धतीची सगळी अ‍ॅड-ऑन्स (फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन्सना म्हणतात ते) बंद केली. क्रोमनं ऑक्टोबर २०२४ पासून 'मॅनिफेस्ट व्ही२' या जुन्या नियमावलीवर बांधलेली एक्स्टेन्शन्स हळूहळू बंद करायला घेतली आणि २०२५ मध्ये १३९ व्या आवृत्तीपासून कंपन्यांसाठी ठेवलेली सवलतही काढली. जाहिराती अडवणाऱ्यांना याचा फटका जास्त बसला. आधी प्रत्येक विनंती एक्स्टेन्शनच्या हातातून जायची आणि ते तिथल्या तिथे ठरवायचं. आता नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे द्यावी लागते आणि अंमल ब्राउझर करतो. 'यूब्लॉक ओरिजिन' क्रोममध्ये बंद होऊन 'लाइट' हे वेगळं एक्स्टेन्शन आलं ते यामुळे. फायरफॉक्सनं दोन्ही पद्धती चालू ठेवल्या आहेत, त्यामुळे पूर्ण यूब्लॉकवर ज्यांचं काम अडतं त्यांनी फायरफॉक्सकडे जाणं हा सरळ मार्ग आहे. फ्लॅग (ब्राउझरमधली प्रायोगिक सेटिंग्ज) आणि शॉर्टकटमध्ये जोडायच्या स्विचच्या (जादा आज्ञांच्या) युक्त्या फार काळ टिकत नाहीत.

बंद पडलेलं एक्स्टेन्शन रागानं काढून टाकू नका. काढलं की त्याच्यासोबत त्याची साठवलेली माहितीही जाते: स्वतः लिहिलेले फिल्टर, यूजर स्क्रिप्ट्स, टिपणं. आधी त्याच्या सेटिंग्जमधून एक्स्पोर्ट किंवा बॅकअप घ्या. सेटिंग्जचं पान उघडत नसेल तर आधी काढलेली प्रोफाइलची प्रत कामाला येते.

तिसरं कारण सह्यांचं. फायरफॉक्सची अ‍ॅड-ऑन्स डिजिटल सहीवर चालतात. ४ मे २०१९ ला त्या साखळीतलं एक प्रमाणपत्र मुदतबाह्य झालं आणि कोणी काही न करता सगळ्यांची अ‍ॅड-ऑन्स बंद पडली. ज्यांनी वैतागून ती काढून टाकली त्यांची सेटिंग्ज गेली. ज्यांनी थांबून वाट बघितली त्यांना दुरुस्ती आल्यावर सगळं जसंच्या तसं मिळालं.

हळू चालण्याबद्दल. पहिला दिवसभर नवी आवृत्ती थोडी जड वाटणं स्वाभाविक आहे. साइट्सच्या जावास्क्रिप्टचं आधीच भाषांतर करून ठेवलेलं रूप, ग्राफिक्सचे तयार शेडर (चित्र काढणारे छोटे प्रोग्रॅम), सुरुवातीचा कॅशे हे सगळं त्या विशिष्ट आवृत्तीला बांधलेलं असतं. आवृत्ती बदलली की जुनं टाकून नवं तयार करावं लागतं. त्यात डेटाबेसची रचना बदलली असेल तर वर्षानुवर्षांची हिस्टरी असलेल्या प्रोफाइलला पहिल्यांदा उघडताना वेळ लागतो. नेहमीच्या साइट्स एक-दोन दिवस वापरल्या की फरक पडतो. नाही पडला तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबून ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडा, फायरफॉक्समध्ये 'अबाउट:प्रोसेसेस'. तिथे सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारून वरच्या ओळीत कोण आहे ते बघा. बऱ्याचदा तिथे एखादं एक्स्टेन्शन किंवा एकच टॅब निघतो.

'टॅबवर परत आलो की पान पुन्हा लोड होतं, अर्धवट भरलेला फॉर्म जातो' ही तक्रार वेगळी. तो मेमरी वाचवण्याच्या सोयीचा परिणाम आहे. क्रोममध्ये सेटिंग्जच्या 'परफॉर्मन्स' भागात 'मेमरी सेव्हर' आहे. तो बंद करण्यापेक्षा ज्या साइट्स जाग्या ठेवायच्या त्या तिथल्या यादीत घाला. एजमध्ये हीच सोय 'स्लीपिंग टॅब्स' नावानं आहे.

व्हिडिओ हिरवा किंवा काळा दिसणं, स्क्रोल करताना पट्टे उमटणं, विंडो लुकलुकणं हे ग्राफिक्सचं काम. सेटिंग्जमधल्या 'सिस्टम' भागात ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करा, ब्राउझर रीस्टार्ट करा. त्रास गेला तर निदान झालं, पण तसंच सोडू नका. कारण मग सगळा भार सीपीयूवर येतो, लॅपटॉप तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर त्याच्या उत्पादकाकडून नवीन घ्या आणि अ‍ॅक्सिलरेशन पुन्हा चालू करा.

प्रत्येक पान, अगदी ब्राउझरचं स्वतःचं सेटिंग्जचं पानसुद्धा, उघडता क्षणी कोसळत असेल तर संशय आधी सुरक्षा सॉफ्टवेअरवर घ्या. ती सॉफ्टवेअर्स ब्राउझरच्या प्रक्रियेत आपला कोड घुसवतात, आणि ब्राउझर दर काही आवृत्त्यांनी त्या वाटा बंद करत असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रोम ७८ नं पान दाखवणाऱ्या प्रक्रियेत अनोळखी कोड येऊ न देण्याची सोय चालू केली आणि काही सुरक्षा सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या असलेल्या मशीनवर एकही पान उघडेना. उपाय ते सुरक्षा सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यात होता. फायरफॉक्समध्ये विंडोजवर 'अबाउट:थर्ड-पार्टी' उघडलं की कोणाकोणाचा कोड आत शिरलाय त्याची यादी मिळते.

एखादीच साइट बिघडली असेल तर फक्त त्या साइटचा साठा पुसा. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून साइटच्या कुकी आणि माहिती काढता येते. सरसकट सगळ्या कुकी पुसल्या की प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन आणि पुन्हा ओटीपी. साइट बिघडण्यात दोष बऱ्याचदा साइटचाही असतो. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही १०० व्या आवृत्तीवर पोचले तेव्हा ब्राउझरच्या आकड्यातले पहिले दोनच अंक वाचणाऱ्या साइट्सना १०० हे १० वाटलं, आणि 'तुमचा ब्राउझर फार जुना आहे' असा निरोप येऊ लागला. क्रोम ८० नं २०२० मध्ये दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या कुकींचे नियम कडक केले, तेव्हा एका साइटवरून दुसरीकडे लॉगिन करून परत येणारी जुनी पोर्टल्स अडखळली. फ्लॅशवर चालणारी पानं तर जानेवारी २०२१ पासून क्रोम ८८ आणि फायरफॉक्स ८५ मध्ये संपलीच. अशा ठिकाणी तुमच्या मशीनवर करण्यासारखं काही नसतं, साइटच्या लोकांना कळवावं लागतं. फक्त इंटरनेट एक्स्प्लोररसाठी बांधलेली कार्यालयीन पोर्टल्स चालवायची असतील तर एजमधला 'आयई मोड' वापरा. मायक्रोसॉफ्टनं तो निदान २०२९ पर्यंत ठेवण्याचं सांगितलं आहे.

दिसण्यातले बदल मनाला लागतात हे खरं आहे. रोज आठ तास ज्या खिडकीसमोर बसायचं तिची बटणं कोणी न विचारता हलवली तर चीड येणारच. पण जुनं रूप परत आणणारे फ्लॅग तात्पुरते असतात. फायरफॉक्स ८९ चं नवं रूप बंद करायची सोय ९१ मध्ये काढली गेली. क्रोम ११७ च्या नव्या रूपाचंही पुढे तेच झालं. फायरफॉक्समध्ये 'यूजरक्रोम.सीएसएस' फाइलनं बरंच बदलता येतं, मात्र ६९ पासून ती फाइल वाचण्याची परवानगी 'अबाउट:कॉन्फिग' मध्ये वेगळी द्यावी लागते आणि अधूनमधून तिची डागडुजी करावी लागते. ती तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

आता जुनी आवृत्ती टाकण्याबद्दल. नव्या आवृत्तीनं प्रोफाइल उघडलं की तिनं आतल्या डेटाबेसची रचना बदललेली असू शकते, आणि जुन्या प्रोग्रॅमला ती वाचता येईलच असं नाही. म्हणून फायरफॉक्स ६७ पासून जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीनं वापरलेलं प्रोफाइल उघडायला नकार देते आणि 'नवं प्रोफाइल तयार करा किंवा बाहेर पडा' एवढंच विचारते. सक्तीनं उघडायचा स्विच आहे, पण तो प्रत न काढता वापरणं म्हणजे बुकमार्कवर पाणी सोडायची तयारी ठेवणं. क्रोमही प्रोफाइल नव्या आवृत्तीचं आहे असं सांगून अडून बसतो. अँड्रॉइडवर नव्यावर जुनं बसतच नाही. आधी काढावं लागतं आणि काढलं की माहिती गेली. फायरफॉक्सच्या ईएसआरवर, म्हणजे वर्षभर फारशा न बदलणाऱ्या आवृत्तीवर, जायचं ठरवलं तरी त्याचा आकडा तुमच्या आत्ताच्या आवृत्तीपेक्षा लहान असेल तर तीही मागे जाण्याचीच गोष्ट आहे. तिला वेगळं प्रोफाइल द्या आणि बुकमार्क-पासवर्ड एक्स्पोर्ट करून आणा. पासवर्डांची एक्स्पोर्ट केलेली फाइल साधा मजकूर असते, कोणीही वाचू शकतं. काम झालं की ती पुसा आणि रीसायकल बिनमधूनही काढा.

प्रोग्रॅमच खराब झाल्याचा संशय असेल तर काढून टाकायची गरज नाही. पूर्ण इन्स्टॉलर उतरवून आहे त्यावरच चालवा, प्रोफाइलला धक्का लागत नाही. क्रोम काढावाच लागला तर 'ब्राउझिंग डेटाही पुसा' या चौकटीत खूण नाही ना ते आधी बघा. फायरफॉक्सचं 'रीफ्रेश' हे बुकमार्क, पासवर्ड, कुकी ठेवून एक्स्टेन्शन्स आणि बदललेली सेटिंग्ज काढतं, आणि जुनं प्रोफाइल डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' या फोल्डरमध्ये ठेवतं. ते फोल्डर महिनाभर तरी राहू द्या.

काही जणांचा त्रास उलटाच असतो: अपडेट उतरलंय पण लागतच नाही. विंडोजवर क्रोम नवा प्रोग्रॅम जुन्याच्या शेजारी ठेवतो आणि सगळ्या खिडक्या बंद होऊन पुन्हा उघडल्यावर अदलाबदल करतो. सेटिंग्जच्या 'सिस्टम' भागात ब्राउझर बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप्स चालू ठेवण्याचा पर्याय चालू असेल, तर खिडक्या बंद करूनही क्रोम आत जिवंत राहतो आणि अदलाबदल टळत राहते. तो पर्याय बंद करा. लिनक्सवर पॅकेज मॅनेजरनं चालू फायरफॉक्सच्या खालून फाइली बदलल्या की नवा टॅब उघडेनासा होतो आणि रीस्टार्ट करा असं पान येतं. तो बिघाड नाही, रीस्टार्ट केलं की झालं.

अपडेट कायमचे बंद करण्याचा विचार सोडून द्या. क्रोमचा बहुतेक आणि फायरफॉक्सचा कोड खुला असतो, त्यामुळे दुरुस्ती तुमच्या मशीनवर पोचण्याआधी ती कुठली भोकं बुजवते हे हल्लेखोराला वाचता येतं. ही फट कमी करायला क्रोमनं ११६ व्या आवृत्तीपासून, ऑगस्ट २०२३ मध्ये, सुरक्षेचे अपडेट दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. मुख्य आवृत्त्यांचं अंतर त्याआधीच २०२१ मध्ये सहा आठवड्यांवरून चारवर आलं होतं. आणि जागेवर थांबलं तरी सगळं जागेवर राहत नाही. १४ मार्च २०२५ ला मोझिलाचं एक मूळ प्रमाणपत्र संपलं, आणि १२८ च्या मागे राहिलेल्यांना (ईएसआरमध्ये ११५.१३ च्या मागे) अ‍ॅड-ऑन्स बंद पडतील असा इशारा आधीच दिला गेला होता.

बदलाचा वेग कमी हवा असेल तर त्यासाठी नीट वाटा आहेत. फायरफॉक्स ईएसआर साधारण वर्षभर त्याच रूपात राहतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. क्रोम आणि एजची 'एक्स्टेंडेड स्टेबल' ही आठ आठवड्यांची वाट संस्थांसाठी आहे. कार्यालयात पाच-सहा मशीन आधी नव्या आवृत्तीवर न्या, आपली रोजची पोर्टल्स, प्रिंटिंग आणि डिजिटल सही तिथे चालवून बघा, मग बाकीची सोडा. विंडोज ७ किंवा ८ वर असाल तर क्रोम १०९ वर थांबला आहे आणि फायरफॉक्सची शेवटची शाखा ११५ ईएसआर आहे. तिथे खरा उपाय ब्राउझरमध्ये नाही, ऑपरेटिंग सिस्टम बदलण्यात आहे.

एवढं करूनही दोष प्रोग्रॅममध्येच निघाला तर तो कळवा. पहिल्या दोन आठवड्यांत येणाऱ्या छोट्या दुरुस्त्या अशा नेमक्या तक्रारींवरच होतात. आवृत्तीचा पूर्ण आकडा लिहा, पहिले तीन अंक पुरत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टम, ग्राफिक्स कार्ड, नव्या प्रोफाइलमध्ये होतं की नाही, आणि कुठल्या साइटवर काय दाबल्यावर होतं हे क्रमानं द्या. क्रॅश होत असेल तर 'क्रोम://क्रॅशेस' किंवा 'अबाउट:क्रॅशेस' मधून त्याचा क्रमांक उचला. फायरफॉक्समध्ये पाठवलेल्या अहवालाचा क्रमांक 'बीपी' या दोन अक्षरांनी सुरू होतो. तो न पाठवलेल्यांच्या यादीत पडून असेल तर आधी 'सबमिट' दाबा, तोपर्यंत तो पलीकडे कोणालाच दिसत नाही.